जुना फ्लॅट विकण्याआधी कोणती कामे करावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत पंधरा ते चाळीस वर्षे जुन्या सोसायट्यांमधील फ्लॅट विकायला काढणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा संबंध दुसरीकडेही येत असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्लॅट विकायचाच आहे, तर त्यावर आता खर्च कशाला करायचा? जसा आहे तसा विकला तर काय बिघडते?

घर जसे आहे तसे विकता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. भिंतीवरचा ओलीचा डाग काढायला काही हजार रुपये लागतील हे मालकाला माहीत असते. पाहायला आलेल्या माणसाला मात्र ती ओल कुठून आली आणि कुठवर गेली आहे हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे तो आपल्या भीतीच्या मापाने भाव पाडतो किंवा पुन्हा फिरकतच नाही. म्हणून कोणतेही काम काढण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या कामाने घेणाऱ्याची एखादी शंका मिटते का? मिटत असेल तर ते काम करावे. आपल्या आवडीप्रमाणे घर सजवण्यापुरतेच ते काम असेल, तर तो खर्च नव्या मालकावर सोडावा, कारण त्याची आवड वेगळी असणार. माझ्या मते असा एकूण खर्च अपेक्षित किमतीच्या एक ते दीड टक्क्यात बसवावा, म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटसाठी ८० हजार ते सव्वा लाखाच्या आत.

२. चार वर्षांपूर्वी आम्ही सहा लाखांचे फर्निचर करून घेतले. ते सहा लाख किमतीत धरून मागता येतील का?

मागता येतील, पण मिळणे अवघड आहे, आणि त्याचे कारण घेणाऱ्याच्या बँकेत आहे. बहुतेक खरेदीदार गृहकर्ज घेतात. बँकेचा मूल्यांकनकार घरी येतो, मोजमाप घेतो, कराराप्रमाणे चटई क्षेत्र (कार्पेट एरिया), परिसरातील दर, इमारतीचे वय आणि मजला पाहतो. कपाटे, फॉल्स सीलिंग आणि सोफा यांना त्याच्या हिशेबात फारसे स्थान नसते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका फ्लॅटचा व्यवहार फर्निचर धरून ८० लाखांना ठरला आणि बँकेने मूल्य ७४ लाख धरले. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येते, म्हणजे येथे जास्तीत जास्त ५९ लाख २० हजार. उरलेले २० लाख ८० हजार खरेदीदाराने स्वतःच्या खिशातून घालायचे. त्यावर ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार. (खरेदीदार महिला असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.) सुमारे पावणेसत्तावीस लाख रोख जमवणाऱ्या कुटुंबाला त्यातले सहा लाख आपल्या वॉर्डरोबसाठी द्या म्हणणे म्हणजे त्याला दुसरा फ्लॅट पाहायला लावणे होय. चांगल्या फर्निचरने फ्लॅट लवकर विकला जाऊ शकतो आणि घासाघीस थोडी कमी होऊ शकते, पण केलेला खर्च जसाच्या तसा वसूल होईल असे धरून चालू नये.

३. पैसे मर्यादित आहेत. सर्वांत आधी कोणते काम हाती घ्यावे?

पाण्याचे. गळती, ओल आणि पाइप या तीन गोष्टी मार्गी लागल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावू नये. हे मी आग्रहाने सांगतो, कारण आमच्या कुटुंबाचाच डोंबिवलीतील फ्लॅट विकताना आम्ही उलट क्रमाने गेलो होतो. एप्रिलमध्ये पुट्टी मारून झकास रंग काढला. जुलैमध्ये एक जोडपे घर पाहायला आले. सगळे पाहून झाल्यावर बाईंनी बेडरूमच्या खिडकीखालच्या भिंतीला सहज अंगठा लावला, तर रंगाचा रुपयाएवढा पोपडा सुटून त्यांच्या हातात आला आणि आत ओलसर, पांढरी क्षाराची पूड दिसली. त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतर एजंटाकडून निरोप आला की त्यांना दुसरीकडे घर मिळाले. दोष खिडकीच्या बाहेरच्या कडेत होता. तेथील उतार आतल्या बाजूला झाला होता आणि चौकटीभोवतीचे सीलंट सुटले होते. तो उतार बाहेरच्या बाजूला करून नवे सीलंट भरायला मिस्त्रीला एक दिवस पुरला.

बाथरूमची गळती शोधताना घाईने फरशी फोडू नये. आधी वापर दोन-तीन दिवस बंद ठेवावा. खालच्या घरातील डाग सुकू लागला, तर पाणी वापराचे आहे. तरीही डाग वाढत राहिला, तर दाबाखालील पाइप फुटलेला असण्याची शक्यता जास्त. त्यानंतर नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीवरचे पाणी जाण्याच्या तोंडाला, बोळा लावून जमिनीवर २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवावे आणि खाली काय होते ते पाहावे. अनेकदा दोष टाइल्समधील झिजलेल्या सांध्यांत किंवा ट्रॅपच्या कडेला असतो. जुने ग्राउट (सांध्यांतील भरण) खरवडून तेथे इपॉक्सी ग्राउट भरले, की गळती थांबते. टाइलवर नाणे ठोकल्यावर जागोजागी पोकळ आवाज येत असेल आणि खालचा भराव पाण्याने भरला असेल, तरच फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग करावे.

जुन्या इमारतींतील जीआय (जस्ताचा लेप दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजतात. सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर थोडा वेळ तांबूस पाणी येत असेल, तर ते पाहुण्यांच्याही लक्षात येते, कारण नळ सोडून पाहणे हे जवळजवळ प्रत्येक खरेदीदार करतो. शक्य तेथे सीपीव्हीसी (न गंजणारे प्लास्टिकचे) पाइप टाकून घ्यावेत.

४. ओल आमच्या दोषाने नाही. वरच्या घरातून किंवा गच्चीतून पाणी येते. मग खर्च कोणी करायचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून येणारी गळती, बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती आणि बाहेरून झिरपणारे पावसाचे पाणी यांची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असते. वरच्या घरातील शौचालय, बाथरूम किंवा सिंक यांतून होणारी अंतर्गत गळती ही त्या सभासदाची जबाबदारी असते. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. विक्रीची घाई असेल, तर वरच्या घरमालकाशी बोलून खर्च वाटून घेणे पुष्कळदा पत्रव्यवहारापेक्षा स्वस्त पडते. काम झाल्यावर त्याची बिले आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. छताला नवा रंग दिसला, की खरेदीदार त्याचे कारण विचारतोच, आणि अशा वेळी झालेली दुरुस्ती कागदासह सांगून टाकणे हेच योग्य.

५. रंग कोणता काढावा, आणि कधी?

पांढरा किंवा अगदी फिकट रंग काढावा. हॉलमध्ये साधे प्लास्टिक इमल्शन पुरते. छताला डिस्टेंपर चालतो. टेक्स्चर आणि गडद भिंती टाळाव्यात. रंगवण्याचे क्षेत्र छतासह साधारणपणे चटई क्षेत्राच्या तीन ते साडेतीन पट धरतात, त्यामुळे ठेकेदाराचा अंदाज घरबसल्या पडताळता येतो. काम पावसाळ्यानंतर, भिंती नीट सुकल्यावर करावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास रंगारी मिळणे कठीण जाते, म्हणून आधीच सांगून ठेवावे. ओलीवर रंग चढवण्याविषयी प्रश्न ३ पाहावा.

६. स्वयंपाकघर पूर्ण मॉड्युलर करून घेतले, तर भाव वाढतो असे एजंट सांगतो. खरे आहे का?

स्वयंपाकघर नीटनेटके असल्याचा परिणाम नक्की होतो. ते नवे कोरे असण्याची गरज मात्र नसते. आपल्याकडे घर पाहायला आलेले कुटुंब इतर कोणत्याही खोलीपेक्षा ओट्यापाशी अधिक वेळ थांबते. ओट्याची उंची, सिंकचा उतार, फ्रिजची जागा, मिक्सर लावायला प्लग कुठे आहे, हे सगळे तेथे पाहिले जाते. त्यामुळे आहे त्या ग्रॅनाइटच्या किंवा कडप्प्याच्या ओट्याला पॉलिश करून घ्यावे, मागच्या टाइल्समधील काळपट सांधे स्वच्छ करून भरावेत, सिंकखालचा गळका पाइप आणि नळ बदलावा, एक्झॉस्ट फॅन चालू स्थितीत ठेवावा आणि ओट्याच्या वर उजेड पुरेसा करावा. ट्रॉल्या अडकत असतील, तर फक्त त्यांचे चॅनल बदलावेत.

ओट्याखालची प्लायवुडची पेटी पाण्याने फुगली असेल, तरच ती नवी करावी, आणि तेव्हा सिंकखाली आयएस ७१० दर्जाचे मरीन प्लाय वापरावे. सिंकखालचा भाग सर्वांत आधी कुजतो आणि जाणता खरेदीदार तेच दार उघडून पाहतो.

७. बाथरूम फार जुने दिसते. पाडून नवे करावे का?

गळती नसेल तर पाडू नये. खाली कुजलेले लाकडी दार काढून एफआरपी (फायबर) किंवा पीव्हीसीचे दार बसवावे, नळ आणि शॉवर बदलावेत, फ्लशची टाकी दुरुस्त करावी, चुन्याचे पांढरे थर काढावेत आणि उजेड वाढवावा. घरात ज्येष्ठ येणार असतील तर खरेदीदार भारतीय आणि कमोड या दोन्ही पद्धतींची चौकशी करतो. घरात शौचालय एकच आणि तेही भारतीय पद्धतीचे असेल, तर ते बदलण्याचा खर्च मला योग्य वाटतो. मात्र ते काम वॉटरप्रूफिंगसह पूर्ण करावे लागते.

८. घरात जुनी मोझेक लादी आहे. तिच्यावरच नवीन टाइल्स बसवल्या तर चालेल?

नको. टाइलवर टाइल बसवल्याने स्लॅबवरचा भार वाढतो, दारे खालून कापावी लागतात, बाथरूमचा आणि बाल्कनीचा उंबरा खुजा होऊन पाणी आत येण्याची भीती राहते, आणि अनेक सोसायट्या त्याला परवानगीच देत नाहीत. मोझेक लादी भरीव असते. तुटलेल्या दोन-चार लाद्या बदलून, सांधे भरून मशीनने पॉलिश केले की ती कित्येक वर्षे सहज चालते, आणि हा खर्च नव्या फरशीच्या मानाने फारच कमी असतो.

९. वायरिंग भिंतीत असते, कोणाला दिसत नाही. त्यावर खर्च का करावा?

दिसत नसले, तरी त्याच्या खुणा दिसतात. जुना पोर्सेलिनचा फ्यूज असलेला लाकडी बोर्ड, भिंतीवरून ओढलेली एसीची वायर आणि काळे पडलेले सॉकेट पाहिले, की घेणारा पूर्ण वायरिंगचा खर्च मनात धरतो. संपूर्ण घराचे वायरिंग बदलणे परवडत नसेल, तर किमान एवढे करावे: फ्यूजच्या जागी एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) बसवावे, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि एसी व गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढावी. वायरसाठी खाचा पाडताना कॉलम आणि बीम कधीही कापू देऊ नये, कारण काँक्रीटचे आवरण गेले की आतली सळई गंजू लागते. मीटरवर अजून आधीच्या मालकाचे नाव असेल, तर ते महावितरण किंवा संबंधित वीज कंपनीकडून बदलून घ्यावे.

१०. बाल्कनी आत घेऊन हॉल मोठा केला, तर जास्त क्षेत्रफळाचा भाव मिळेल का?

नाही. उलट व्यवहार अडण्याची शक्यता वाढते. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्यातील चटई क्षेत्राच्या व्याख्येत बाल्कनी धरलेली नाही, आणि बँक मूल्य ठरवताना मंजूर नकाशा व करारातील क्षेत्र पाहते. त्यामुळे कागदावरचे क्षेत्र एक फूटही वाढत नाही. परवानगी न घेता बाल्कनी बंद केली, तर ते अनधिकृत बांधकाम ठरते. बाल्कनी आधीच आत घेतलेली असेल, तर तिची परवानगी होती का ते पाहावे, आणि नसेल तर खरेदीदाराला विसार घेण्यापूर्वीच सांगावे. मोकळी, स्वच्छ, दोन कुंड्या ठेवलेली बाल्कनी हल्ली अधिक लवकर मन वळवते, हा माझा अनुभव आहे.

११. मधली भिंत पाडायची आहे, शिवाय खरेदीदार वास्तूप्रमाणे शौचालयाची जागा बदला म्हणतो. काय करावे?

विक्रीसाठी यातले काहीही करू नये. शौचालय हलवल्यास ते खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर किंवा देवघरावर येते, आणि त्यातून गळतीइतकाच शेजारधर्माचाही प्रश्न उभा राहतो. भिंतींच्या बाबतीत, तळमजला अधिक दोन-तीन मजल्यांच्या जुन्या इमारती पुष्कळदा भारवाही भिंतींवर उभ्या असतात. तेथे मधली भिंतही वरच्या मजल्याचा भार पेलत असते, आणि ती काढणे सगळ्या इमारतीच्या जिवावर बेतू शकते. आरसीसी चौकटीच्या इमारतीतही संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय आणि संस्थेची परवानगी लागते. वास्तू पाहणाऱ्या खरेदीदाराला फ्लॅटची दिशा आधीच स्पष्ट सांगावी. त्याच्या मनात भरले नाही, तर दुसरा येईल.

१२. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. तरीही दुरुस्त्या कराव्यात का?

चर्चा फक्त वार्षिक सभेपुरती असेल, तर प्रश्न ३ मधील पाण्याची कामे आणि साधा रंग एवढे करावे, कारण अशा चर्चा वर्षानुवर्षे चालतात. विकासक नेमला गेला असेल आणि करारनामा झाला असेल, तर काहीही करू नये. नव्या इमारतीतील जागा जुन्या चटई क्षेत्रावर ठरते. आतील टाइल्सवर नाही. अशा फ्लॅटचा घेणारा नवे क्षेत्र, भाडे, कॉर्पस (विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम) आणि ताब्याची मुदत यांवर भाव ठरवतो, म्हणून सभेचे ठराव आणि विकासकाशी झालेल्या कराराची प्रत त्याच्यासमोर ठेवावी.

१३. आमच्या घरात सगळे चांगले आहे, पण इमारतच कळाहीन दिसते. एकट्या सभासदाच्या हातात काय आहे?

वाटते त्यापेक्षा अधिक आहे. खरेदीदार फाटकापासून दारापर्यंत येता येता अर्धा निर्णय घेतो. जिन्यातला बंद दिवा, लोंबणाऱ्या केबल आणि पत्रपेट्यांवरची धूळ यांसाठी समितीकडे एक अर्ज आणि थोडा पाठपुरावा पुरतो. मोठ्या कामांसाठी दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या भविष्यातील मोठ्या खर्चासाठीची राखीव रक्कम) असतो. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के वर्गणी सांगितली आहे. संस्थेने ती नियमित जमवली आहे का, हे जाणता खरेदीदार विचारतोच.

संरचनात्मक तपासणीचेही तसेच. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी करायची असते. अहवाल ताजा आणि चांगला असेल, तर त्याची प्रत जवळ ठेवावी. एखाद्या महागड्या झुंबरापेक्षा त्या कागदाचे मोल अधिक असते. गच्ची मोकळी असेल, तर छतावरील सौर ऊर्जेच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक विजेसाठी प्रतिकिलोवॉट १८ हजार रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पंपाचे बिल घटल्यास मासिक देखभाल शुल्क वाढण्याला आळा बसतो, आणि ते शुल्क किती हे खरेदीदार पहिल्या पाच प्रश्नांत विचारतो.

१४. कागदपत्रांचा आणि भावाचा काय संबंध?

अगदी थेट आहे. माझ्या मते सर्वांत स्वस्त सुधारणा कागदांतच होते. मूळ करारापासूनची सलग साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा), भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), भोगवटा प्रमाणपत्राची (ओसी) प्रत, मालमत्ता कराची पावती आणि संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला एका फाइलमध्ये तयार असेल, तर बँकेचा वकील अडवत नाही आणि खरेदीदाराला घासाघीस करायला कारण उरत नाही. वारसाने आलेल्या घराच्या भागपत्रावर अजून वडिलांचे नाव असेल, तर ते काम रंगाच्याही आधी करावे. संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी हस्तांतरण) झालेले नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने ते करून दिले नाही तरी शासनाकडून करून घेण्याचा) मार्ग संस्थेला खुला आहे. तो एकट्याने होत नाही, पण सभेत विषय मांडता येतो. फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करताना संस्था घेते तो हस्तांतरण प्रीमियम महानगरपालिका क्षेत्रात २५ हजार रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

१५. केलेला खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो का?

भांडवली स्वरूपाचा खर्च वजा होतो. नेहमीच्या देखभालीचा होत नाही. संपूर्ण वायरिंग नव्याने करणे, बाथरूम नव्याने बांधणे किंवा कायमस्वरूपी ग्रिल बसवणे यांसारखी कामे सुधारणेच्या खर्चात धरता येतात. रंग, किरकोळ दुरुस्ती आणि सुटे फर्निचर धरता येत नाही. बिल आणि बँकेतून केलेल्या भरण्याचा पुरावा दोन्ही हवेत. १ एप्रिल २००१ पूर्वीचा सुधारणा खर्च विचारात घेतला जात नाही.

घर २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ मालकीचे असेल, तर नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्के हा पर्यायही तुलनेसाठी मिळतो. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या अनिवासी मराठी मालकांना हा दुसरा पर्याय नाही, आणि त्यांच्या व्यवहारात खरेदीदाराला एक टक्का नव्हे, तर दीर्घकालीन नफ्याच्या दराने करकपात (टीडीएस) करावी लागते. अशा मालकांनी कमी करकपातीचे प्रमाणपत्र व्यवहारापूर्वीच मिळवावे. आकडेमोड आपल्या सीएकडून तपासून घ्यावी.

१६. आमचे रो-हाउस आहे. वर एक खोली चढवली, तर फायदा होईल का?

परवानगी घेऊन चढवली तर होतो. विनापरवाना चढवली, तर बँक ती मोजत नाही आणि घेणारा पाडकामाच्या नोटिशीची भीती धरतो. महापालिकेने त्या खोलीवर कर आकारला म्हणून बांधकाम अधिकृत झाले, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. रो-हाउस किंवा बंगल्यात गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर), कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी आणि मलनिस्सारणाची जोडणी या चार गोष्टी आधी पाहाव्यात. छतावरील सौर ऊर्जेसाठी पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. विकायचे आहे म्हणून घाईने सौर संच बसवू नये. दोन-तीन वर्षे आणखी राहायचे असेल, तर मात्र जरूर विचार करावा.

१७. पंखे, गीझर, चिमणी, पडदे ठेवून जावेत की काढून न्यावेत?

जे न्यायचे ते घर दाखवायला सुरुवात करण्यापूर्वीच काढावे आणि भिंतीतील भोके बुजवावीत. जे ठेवायचे त्याची यादी, वस्तूंच्या संख्येसह, विसारपावतीला आणि करारनाम्याला जोडावी. ताब्याच्या दिवशी त्या यादीप्रमाणे प्रत्येक दिवा आणि नळ चालू करून दाखवावा व दोघांनी तिच्यावर सह्या कराव्यात.